दहा डोसांची कुपी

मी हैदराबादेत एका लस कंपनीत जंतूंच्या तपासणीचं काम करते. त्यामुळे सुलतान बाजारातल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांत बाळ दीड महिन्याचं झालं, की एखादी सून हमखास विचारते, "काकू, लसीत पारा घालतात म्हणे?"

घालतात. सरकारी दवाखान्यातल्या पेंटाव्हॅलंट लसीच्या दहा डोसांच्या कुपीत थायोमर्सल असतं आणि त्यात पारा असतो. अर्ध्या मिलिलिटरच्या डोसात तो फार तर 25 मायक्रोग्रॅम. या कुपीत सुई दहादा शिरते. थंडावा नीट राखला, तर उघडलेली कुपी 28 दिवस वापरता येते. एवढ्या दिवसांत आत जंतू शिरला, तर तो वाढू नये म्हणून हे औषध.

कुपी कितीही शुद्ध भरा, धोका ती उघडल्यावर असतो. 1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवालला मुंबईहून आलेल्या प्लेगच्या लसीच्या एकाच बाटलीतून टोचलेली 19 माणसं धनुर्वातानं गेली. ही लस बनवणाऱ्या हाफकिन यांनी तिच्यात जंतुरोधक कार्बोलिक आम्ल घालणं थांबवलं होतं, म्हणून ठपका त्यांच्यावर आला. प्रत्यक्षात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. त्यांच्यासाठी जाहीरपणे भांडले रोनाल्ड रॉस, आमच्या सिकंदराबादेत मलेरियाचं कोडं सोडवणारे. 1907 मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. पुढे 1928 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्गला घटसर्पाच्या लसीच्या दूषित बाटलीनं 12 मुलं दगावली. त्या बाटलीत जंतुरोधक नव्हतं.

आता पाऱ्याच्या भीतीबद्दल. जपानमधल्या मिनामाताच्या माशांतून माणसांना बाधला तो मिथाइल पारा. तो रक्तातून निम्मा व्हायला सुमारे दीड महिना लागतो. थायोमर्सलमधला इथाइल पारा आठवड्याच्या आतच निम्मा होतो. या पाऱ्यानं ऑटिझम होतो अशीही भीती असते, पण डेन्मार्कनं 1992 मध्ये थायोमर्सल बंद केलं, तरी तिथे ऑटिझमच्या नोंदी वाढतच गेल्या. म्हणून मी या आयांना बिनदिक्कत सांगते, लस द्या. आणि पाऱ्यावाचून चालतच नाही असंही नाही. इथल्याच भारत बायोटेकच्या टायफॉइड लसीच्या मोठ्या कुपीत 2-फिनॉक्सीइथेनॉल हे बिनपाऱ्याचं जंतुरोधक असतं.

मला काळजी वाटते ती गोवर-रुबेलाच्या कुपीची. ती लस जिवंत विषाणूंची, जंतुरोधकानं तीच मरेल, म्हणून त्यात ते घालत नाहीत. ती कुपी उघडल्यावर चार तासांत टाकून द्यावीच लागते. कुपी उघडल्याची वेळ लेबलवर लिहायची असते. नर्सताईंना ती दाखवायला सांगा, त्यांना राग येणार नाही.