सुट्टी कुणाची?

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे गुड फ्रायडे, ख्रिसमस पाठ; बेंदूर मात्र हॉस्टेलला आल्यावर कळला. वाळवा तालुक्यातला माझा रूम पार्टनर "बैलांचा सण आहे, गावी जातोय" म्हणाला, तेव्हा मी चक्क हसलो होतो.

२६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या देशभराच्या सुट्ट्या. १ मे आपल्या राज्याची. शिवाय काही स्थानिक सुट्ट्या जिल्हाधिकारी जाहीर करतात, म्हणून कधी साताऱ्यात सुट्टी नि सांगलीत ऑफिसं चालू, असंही होतं. (सबमिशन मात्र दोन्हीकडे चालूच!)

राष्ट्रीय सुट्टी म्हणजे माझ्या लेखी झेंडा, जिलेबी आणि झोप. गेल्या १५ ऑगस्टला पार्टनरने ओढतच घरी नेलं. १९४३ मध्ये क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार याच भागात उभं राहिलं. तेव्हा हा सगळा सातारा जिल्हाच. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' वेगळा निघाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. पार्टनरचे पणजोबा त्या चळवळीतले. झेंडावंदनाहून आल्यावर आजीने त्यांचा फोटो उतरवला, पदराने पुसला, हार घालून परत लावला.

"बेंदराला बैलं सजवायची, आज ह्यांना," ती म्हणाली. या वेळी मी हसलो नाही.