जन्मतारीख एक दिवस मागे का जाते?

नाशिकच्या एका वाचकाचं पत्र आलंय. ते शाळाप्रवेशाचं सॉफ्टवेअर लिहितात. पालक अर्जात मुलाची जन्मतारीख १५ जून २०१६ निवडतात आणि डेटाबेसात पडते १४ जून. अमेरिकेतल्या सहकाऱ्याच्या मशीनवर मात्र तोच कोड बिनचूक चालतो. ‘हे काय गौडबंगाल आहे?’ असं ते विचारतात.

गौडबंगाल साडेपाच तासांचं आहे. कॅलेंडरातून तारीख निवडली की बहुतेक लायब्ररी ‘डेट’ ऑब्जेक्ट बनवतात: १५ जून, मध्यरात्रीचे शून्य वाजून शून्य मिनिटं, भारतीय वेळ. हा ऑब्जेक्ट सर्व्हरकडे पाठवताना जेसनमध्ये जातो, आणि जेसन करताना जावास्क्रिप्ट कुणालाही न विचारता त्याची जागतिक वेळ, म्हणजे यूटीसी, करून टाकतं. आपल्या मध्यरात्री यूटीसीत आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. म्हणून सर्व्हरला मिळतं ‘२०१६-०६-१४टी१८:३०’. सर्व्हर त्यातली पहिली दहा अक्षरं कापून घेतो. झालं, पोरगं एक दिवसानं मोठं! तुमच्या लॉगमध्ये जिथे तिथे १८:३० दिसत असेल, तर समजा की हाच रोग आहे.

न्यूयॉर्कची मध्यरात्र उन्हाळ्यात यूटीसीच्या पहाटे चारला येते, पण तारीख तीच राहते. म्हणून सहकाऱ्याला काही दिसत नाही. त्यांच्याकडे रोग उलटा आहे. ‘२०१६-०६-१५’ हा मजकूर ‘डेट’ला दिला की तो यूटीसीची मध्यरात्र समजतो आणि अमेरिकेतल्या पडद्यावर १४ जून दाखवतो. गंमत म्हणजे त्याच मजकुरापुढे ‘टी००:००’ जोडलंत, तर ती स्थानिक वेळ मानली जाते.

आपल्याकडचा ठरलेला उतारा म्हणजे ३३० मिनिटं मिळवणं. हा तोडगा मी इतक्या प्रोजेक्टांत पाहिलाय की आता हसूही येत नाही. पालक दुबईहून अर्ज भरत असतील तर तो चालूनही जातो. सिंगापूरहून भरत असतील तर फसतो, कारण तिथली मध्यरात्र यूटीसीच्या आठ तास पुढे, आणि साडेपाच तास मिळवूनही तुम्ही आदल्या रात्री साडेनऊलाच अडकलेले. वयाची अट ३१ डिसेंबरला मोजत असतील, तर १ जानेवारीचं मूल याच घोळात वर्षभर आधी पात्र ठरतं.

माझ्या मते खरी चूक ३३०ची नाहीच. जन्मतारखेला घड्याळ चिकटवलं तिथेच गाडी घसरली. पंधरा जूनला जन्मलेल्या मुलाची तारीख मुंबईत, टोकियोत, कुठेही पंधरा जूनच. पण ‘डेट’ला निव्वळ तारीख ठाऊकच नाही. त्याच्या पोटात एकच आकडा असतो: १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद.

हे असं का, त्याचं उत्तर १९९५ च्या मे महिन्यात आहे. नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइकनं दहा दिवसांत जावास्क्रिप्ट भाषेचा पहिला नमुना उभा केला. ती जावासारखी दिसली पाहिजे असा वरून हुकूम होता, म्हणून जावाचा ‘डेट’ जवळजवळ जसाच्या तसा उचलला गेला, जानेवारीला शून्य क्रमांक देण्याच्या खोडीसकट. जावानं १९९७ मध्येच त्यातल्या बऱ्याच पद्धती वापरू नका म्हणून सांगितलं. जावास्क्रिप्टला ती मुभा नव्हती. त्यावर उभ्या असलेल्या जुन्या साइट मोडायच्या नाहीत, हा भाषेचं मानक ठरवणाऱ्या टीसी ३९ समितीचा पहिला नियम.

जुन्याला हात न लावता शेजारी नवं घर बांधायचं, तो प्रस्ताव म्हणजे ‘टेम्पोरल’. ‘मोमेंट’ ही लायब्ररी सांभाळणाऱ्यांपैकी मॅगी जॉन्सन-पिंट यांनी तो २०१७ मध्ये समितीपुढे आणला. यात ‘प्लेनडेट’ म्हणजे नुसती तारीख, तिला ना तास ना टाइमझोन. ‘इन्स्टंट’ म्हणजे काळातला नेमका क्षण. ‘झोन्डडेटटाइम’ म्हणजे क्षण अधिक ठिकाण. महिने एकपासून. ३१ जानेवारीत एक महिना मिळवलात तर फेब्रुवारीचा शेवटचा दिवस येतो, जुन्या ‘डेट’सारखी मार्चात उडी नाही. सुरुवातीला कोणता प्रकार घ्यायचा याचा विचार करावा लागतो, म्हणून काही जण कुरकुरतात. मला तोच त्याचा मोठा गुण वाटतो.

एक आवडीची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. टेम्पोरलच्या तारखेला ‘इंडियन’ हे कॅलेंडर लावता येतं. १५ ऑगस्टला ते लावलंत तर २४ श्रावण मिळेल, दर वर्षी. हे २२ मार्च १९५७ पासूनचं आपलं राष्ट्रीय सौर कॅलेंडर, आकाशवाणीवर ‘भारतीय सौर’ म्हणून सांगतात ते. तिथीशी त्याचा संबंध नाही, तेव्हा त्यातून गणेशचतुर्थी काढायला जाऊ नका.

मार्च २०२१ मध्ये टेम्पोरल समितीच्या मंजुरीच्या तिसऱ्या टप्प्यात पोचला आणि तिथे बराच रेंगाळला. तारखेच्या मजकुरात टाइमझोनचं नाव कसं लिहायचं याचा स्वतंत्र इंटरनेट मानक-दस्तऐवज त्यासाठी आधी हवा होता; तो एप्रिल २०२४ मध्ये निघाला. फायरफॉक्सनं मे २०२५ मध्ये, १३९ व्या आवृत्तीत टेम्पोरल दिला. ज्या ब्राउझरमध्ये तो नाही, तिथे पॉलिफिल, म्हणजे उणीव भरून काढणारा कोड, जोडून वापरता येतो.

नाशिककरांना मात्र तेवढंही करायची गरज नाही. ब्राउझरचा साधा तारखेचा रकाना ‘२०१६-०६-१५’ असा मजकूरच देतो. त्याचा ‘डेट’ बनवूच नका, तसाच पाठवा आणि डेटाबेसात टाइमस्टॅम्प नव्हे, नुसत्या तारखेचा कॉलम ठेवा. आधीच्या नोंदींत १८:३० शाबूत असेल तर त्या भारतीय वेळेत वाचून दुरुस्त करता येतील. दहा अक्षरं कापून ठेवली असतील, तर जन्मदाखले काढून एकेक नोंद पडताळण्यावाचून गत्यंतर नाही.