वीणा की बीना

माझी आत्या नव्वदीला टेकली आहे. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी ती म्हणाली, "तुझ्या त्या फोनात सगळी गाणी असतात म्हणतोस ना? मग सरस्वतीबाईंचं वीणेचं गाणं लाव बघू. रामराज्यातलं." घरातली तबकडी कधीच फुटली होती. मी "आत्ता लावतो" म्हटले. त्या 'आत्ता'ला दोन संध्याकाळी लागल्या.

पहिली चूक अर्थात माझीच. मी देवनागरीत 'सरस्वती राणे वीणा' असे लिहिले. आलेली यादी भक्तिगीतांची होती; सरस्वतीची स्तोत्रे, सरस्वतीची आरती, कुणाचे तरी एकल वीणावादन. शोधाची पेटी गाणे ऐकत नाही, ही गोष्ट आपण विसरतो. ती फक्त वाचते. तेही कुणीतरी कधीतरी घाईने रोमन लिपीत टंकलेली चिठ्ठी. म्हणजे शोध गाण्याचा नसतो, त्या अनोळखी टंकलेखकाच्या हाताच्या सवयींचा असतो.

1902 साली कलकत्त्याला फ्रेड गायसबर्गसमोर गौहर जान गायल्या, तेव्हा ध्वनिमुद्रणाच्या शेवटी त्यांनी स्वतःच इंग्रजीत आपले नाव सांगितले. तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या माणसाला कोण गाते आहे हे कळावे म्हणून ही सोय, असे सांगितले जाते. चिठ्ठी तेव्हा आवाजातच होती. आता ती आवाजापासून सुटली आहे आणि ती चुकली तर गाणे असूनही नसल्यासारखे होते.

हिंदुस्थानी संगीतात तर चुकायला वाव फार. सरस्वतीबाईंचेच घराणे घ्या. वडील अब्दुल करीम खाँ, भाऊ सुरेशबाबू माने, बहीण हिराबाई बडोदेकर, स्वतः सरस्वती राणे. एका घरात चार आडनावे. यंत्राला त्यांचे नाते कळण्याचे कारणच नाही. हिराबाईंच्या आडनावात आपण 'ड' म्हणतो, पण रोमनमध्ये तो बहुतेक ठिकाणी 'आर' होऊन 'बरोडेकर' असा उतरतो. शिवाय हिराबाईंच्या आधी कुठे 'श्रीमती' चिकटते, तर खाँसाहेबांच्या आधी 'उस्ताद'. मी आता कागदावर आधी एका नावाची चार-पाच रोमन रूपे लिहून घेतो आणि मगच फोन हातात घेतो. 'बागेश्री'च्या शेवटी एक 'आय' की दोन 'ई', 'मालकंस' की 'मालकौंस', हे सगळे त्या कागदावर येते.

दुसरे साधन म्हणजे रकाने. स्पॉटिफायच्या शोधपेटीत रोमन लिपीत 'आर्टिस्ट' हा शब्द, त्याला चिकटून विसर्गासारखी दोन टिंबे आणि लगेच अवतरणचिन्हांत नाव लिहिले, तर शोध गायकाच्या रकान्यापुरता राहतो. याच रीतीने 'ट्रॅक', 'अल्बम' आणि 'इयर' चालतात. वर्षाचा पट्टाही देता येतो: 1940, मध्ये आडवी रेघ, मग 1949. भक्तिगीतांची गर्दी एका फटक्यात ओसरली. मात्र एका सेवेवर अजूनही सरस्वतीदेवी पुढे येत होत्या, 'अछूत कन्या'च्या संगीतकार. थोर बाई, पण मला त्या नको होत्या.

वर्षाच्या रकान्यावर मात्र फार विसंबू नये. तिथे कधी चित्रपटाचे साल असते, तर कधी ते गाणे ज्या संकलनात घातले त्याच्या प्रकाशनाचे. त्यामुळे 1943 चे गाणे 2000 नंतरच्या 'सुवर्णकाळ' छापाच्या संचात बसलेले आढळते. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा एक आंतरराष्ट्रीय संकेतांकही असतो. त्यातही सालाचे दोन अंक असतात, पण ते संकेतांक दिल्याचे साल, गायल्याचे नव्हे. जुन्या गाण्याला तो फार उशिरा मिळालेला असतो. दोन संचांतले गाणे एकच मुद्रण आहे का, हे पाहायला मात्र तो उपयोगी पडतो.

दुसऱ्या संध्याकाळी मी चित्रपटाकडून गेलो. इथे आणखी एक गुंता निघाला. विजय भट्ट यांनी 'रामराज्य' दोनदा काढला. 1943 च्या चित्रपटाला शंकरराव व्यासांचे संगीत, सीता शोभना समर्थ. 1967 च्या चित्रपटाला वसंत देसाईंचे. यंत्र सारखे मला 1967 मध्ये नेऊन सोडत होते. अशा वेळी वगळण्याची खूण कामी येते: यूट्यूबवर नको असलेल्या शब्दाआधी वजाचे चिन्ह जोडावे.

एवढे करूनही गाणे सापडेना, कारण मी अजून 'वीणा'च लिहीत होतो. आत्याने ते मराठीत रुजवून घेतले होते, आणि तिच्यामागून मीही. गाणे हिंदी; चिठ्ठीवर 'बीना' होते. 'बीना मधुर मधुर'. एका 'व'ने मला अडवले होते. गंमत म्हणजे 'ब' घातल्यावर यंत्राने पुन्हा 1967 चा चित्रपट काढून दिला, कारण त्यातली सीता बीना रॉय! मग गायिकेचे नाव आणि 'बीना' हे दोन रकाने एकत्र केले, तेव्हा यादी एका बोटात मावली.

त्यातही काही नंतरच्या गायिकांनी गायलेली रूपे होती. इथे मी कान लावण्याआधी लांबी पाहतो. 78 फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन-सव्वातीन मिनिटेच मावत. त्यामुळे सहा मिनिटांची 'मूळ' आवृत्ती दिसली की ती बहुधा नंतरची, किंवा दोन बाजू जोडलेली. राहिली एक, तीन मिनिटांच्या आसपासची, खरखरीसकट.

एक कबुली द्यायला हवी. गुणगुणलेली चाल ओळखणारी एक सोयही मी आत्यासमोर धरली होती. तिने मुरक्यांसकट मुखडा गुणगुणला आणि फोनने एक जाहिरातीचे गाणे सुचवले. ती त्यावर इतकी हसली की तो सगळा खटाटोप वसूल झाला.

शेवटी गाणे लावले. आत्या डोळे मिटून ऐकत होती. मध्यावर तिने बोट वर केले.

"इथं सुई अडकायची," ती म्हणाली. "अण्णा उठून पुढं ढकलायचे. हे पुढचं मी कधी सलग ऐकलंच नव्हतं."