धानाच्या राखणीला दुसरे पॅनेल

नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलालगत धान लोंबीवर आला की शेतकऱ्याची झोप उडते. रानडुकरांचा कळप एकदा बांधीत शिरला की खाण्यापेक्षा तुडवणेच जास्त. म्हणून बांधीभोवती तार आणि सौर झटका मशीन. हे मशीन 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालते. उन्हाळ्यात त्या बॅटरीला 40 वॅटचे एक पॅनेल पुरते, पण झड लागली की पहाटेआधीच बॅटरी उतरते. मग दुसरे पॅनेल येते, आणि चूक होते ती त्याच्या जोडणीत.

शेजारच्या सौर कृषी पंपाची पॅनेले एकापुढे एक, एकसर जोडलेली दिसतात. पंपाच्या मोटरला मोठा दाब, म्हणजे जास्त व्होल्ट लागतात, म्हणून तिथे तेच बरोबर. झटका मशीनचे गणित वेगळे आहे. 40 वॅटचे पॅनेल भर उन्हात साधारण 18 व्होल्टवर 2.2 अँपिअर देते. अशी दोन एकसर जोडली की व्होल्ट 36 होतात, अँपिअर मात्र 2.2 च राहतात. पॅनेल आणि बॅटरीच्या मधला साधा चार्ज कंट्रोलर जादा व्होल्टचा उपयोग करून घेत नाही. बॅटरीत जातात ते 2.2 अँपिअरच. दुसऱ्या पॅनेलचे पैसे वाया, शिवाय कंट्रोलर जळण्याची भीती. धनाला धन, ऋणाला ऋण अशी समांतर जोडणी केली की व्होल्ट 18 च राहतात आणि प्रवाह 4.4 अँपिअर होतो. ढग आले की पॅनेलचा दाब थोडाच उतरतो, प्रवाह मात्र कोसळतो. म्हणजे झडीत जे कमी पडते, नेमके तेच समांतर जोडणी वाढवते. धुऱ्यावरच्या मोहाची सावली एका पॅनेलवर पडली, तरी दुसरे आपले काम करत राहते.

दोन्ही पॅनेलांचे व्होल्ट सारखे हवेत. वॅट कमी-जास्त चालतात. घराच्या छतावरचे उरलेले मोठे पॅनेल मात्र यात घालू नका, त्याचे व्होल्ट जुळत नाहीत. प्रवाह दुप्पट झाला की वायरही जाड घ्या. तीन किंवा जास्त पॅनेल असतील, तर प्रत्येकाला स्वतंत्र फ्यूज लावा. नाहीतर एकात बिघाड झाला की बाकीच्यांचा प्रवाह त्यात उलटा शिरतो. जोडताना पॅनेल कापडाने झाका. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडा, मग पॅनेल.

झटका मशीनचा धक्का क्षणभराचा असतो. जनावर बिचकते, मरत नाही. बॅटरी उतरली म्हणून विजेच्या लाईनवर आकडा टाकून कुंपणात थेट प्रवाह कधीही सोडू नका. त्या तारेला पहाटे पाणी पाहायला निघालेला माणूसही चिकटतो.