जात्याचा आवाज, टेपवर

कार्तिक पौर्णिमेला बीड जिल्ह्यातल्या कपिलधारला पाय ठेवायला जागा नसते. बालाघाटाच्या कुशीत मन्मथ स्वामींची समाधी, शेजारी डोंगरावरून कोसळणारी धार, आणि लांबलांबून पायी आलेल्या दिंड्या. मन्मथ माउलींनी सोळाव्या शतकात ‘परमरहस्य’ लिहिलं ते मराठीत आणि ओवीत. त्याची पारायणं आजही होतात. म्हणजे इथली एक ओवी पोथीत सुखरूप आहे, आणि आता कर्ण्यावरून दरीभर ऐकूही येते.

त्याच दिंडीतल्या आयाबायांजवळ दुसरी एक ओवी होती. ती पहाटे जात्यावर जुळायची आणि पीठ भरून झालं की विरून जायची. तिला पोथी मिळाली नाही. ती टिकली ती काही माणसांनी मायक्रोफोन घेऊन गावोगाव पायपीट केली म्हणून.

गी पॉइटवाँ मूळचे फ्रान्सचे, पुढे भारताचे नागरिक झाले. हेमा राईरकर अर्थशास्त्राच्या अभ्यासक. दोघांनी पुण्यात ‘सेंटर फॉर को-ऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस’ उभं केलं. मावळ-मुळशीच्या डोंगरी गावांत बायकांबरोबर काम करताना त्यांच्या ध्यानात आलं, की सभेत गप्प बसणारी बाई जात्यावर सगळं सांगते. सासर, माहेर, भाऊ, विठ्ठल, दुष्काळ, नवऱ्याचा मार, सगळं. मग ओव्या उतरवून घेणं सुरू झालं. हजाराहून अधिक गावांतून लाखाहून अधिक ओव्या जमल्या. स्थानिक कार्यकर्त्या बायकाही या कामात होत्या, हे विसरून चालणार नाही. बोलीतला नेमका शब्द ओळखणारा कान त्यांचाच.

पण कागदावरची ओवी अर्धीच असते. तिची चाल, तिचा दम, मधेच तुटलेला आवाज कागदावर येत नाही. ही उणीव बर्नार्ड बेल यांनी भरून काढली. हा फ्रेंच संगणकतज्ज्ञ आणि संगीताचा अभ्यासक नव्वदच्या दशकात ध्वनिमुद्रणाची बाजू सांभाळू लागला. सुमारे १२० तासांचं मुद्रण झालं.

जात्याचं मुद्रण किती अवघड, हे ते एकदा करून पाहिल्याशिवाय कळत नाही. समोरासमोर दोघी बसतात, खुंट्याला दोघींचे हात. एक ओळ एकीची, पुढची दुसरीची. खालच्या तळीवर वरची पाळी फिरते तिची घरघर जाड आणि सलग, बांगड्या बारीक आणि टोकदार, आणि गळा या दोन्हींच्या मधे. माइक दगडाजवळ नेला तर शब्द बुडतात. तोंडाजवळ नेला तर दगड हरवतो आणि ओवी पोरकी होते. शिवाय फिरण्याबरोबर दोघी पुढेमागे झुलतात, त्यामुळे आवाज जवळ येतो, लांब जातो. ‘बाई, जातं थांबवा, नुसतं म्हणा,’ असं सांगावं, तर कित्येकींना ओवी आठवतच नाही. हात फिरला तरच ओळ येते. म्हणून जातं चालू ठेवूनच मुद्रण करावं लागतं. माझ्या मते या कामातला खरा आदर तिथे आहे. यंत्राच्या सोयीसाठी बाईला बदलायचं नाही, बाईच्या लयीला यंत्राने जुळवून घ्यायचं.

१९९६ मध्ये ही मंडळी आमच्या बीड जिल्ह्यात आली, माजलगावच्या भीमनगरात. तिथल्या बायकांनी जात्यावरच्या त्याच जुन्या चालीत बाबासाहेब गायले, बुद्ध गायला, रमाबाई गायल्या. कोणत्या पुस्तकात या बाया आल्या असत्या? आज त्यांचा गळा, त्यांच्या नावासकट, कुणालाही ऐकता येतो.

गी पॉइटवाँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. मुद्रणं डॅट या डिजिटल टेपवर होती, आणि तिचं यंत्र तयार करणंही पुढे थांबलं. टेप नुसती कपाटात राहिली असती तर आवाजही गेला असता. पण मुद्रणं संगणकावर चढवली गेली होती, आणि मार्च २०१७ पासून ‘पारी’ने, म्हणजे पी. साईनाथ यांच्या पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने, ती लोकांपुढे आणली.

जपलेला आवाज पुन्हा गावात वाजला पाहिजे, आणि त्यासाठी गावाचा स्वतःचा रेडिओ हवा. १९९५ मध्ये न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निकाल दिला. २००६ च्या धोरणाने सामाजिक संस्थांनाही रेडिओ केंद्र चालवण्याची वाट खुली झाली. म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी २००८ मध्ये सुरू झाली. शाळेची पायरी न चढलेल्या केराबाई सरगर तिथे निवेदिका झाल्या आणि स्वतःच्या ओव्या स्वतः माइकसमोर गाऊ लागल्या. सामुदायिक केंद्राचा आवाज दहा-पंधरा किलोमीटरच पोचतो. पण त्या टापूत प्रत्येकाला बोलणारीचं गाव ठाऊक असतं. ही ताकद मोठ्या केंद्राला येत नाही.

कपिलधारच्या यात्रेत आजही अशा म्हाताऱ्या असतील ज्यांचा हात खुंट्यावर पडला की ओळ सुटते. गावोगाव गिरणी आली आणि जातं माळवदावर गेलं, तरी गळा अजून शाबूत आहे. तुमच्या घरात अशी आजी असेल तर या दिवाळीत जातं खाली उतरवा. मूठभर ज्वारी घाला. पंखा बंद करा, मोबाइलवर येणारे फोन बंद करा, आणि मुद्रण सुरू करून तो तिच्यापासून हातभर अंतरावर, दुमडलेल्या घोंगडीवर ठेवा. ओवी सुरू होण्याआधी तिच्याच तोंडून तिचं नाव, माहेरचं गाव आणि सासरचं गाव म्हणवून घ्या.