फवारणी पंपाची साठवण व विषारी औषधांची ने-आण

कपाशीची अखेरची वेचणी आटोपली, म्हणजे नागपूर जिल्ह्यातील शेतकऱ्याचे लक्ष फवारणीच्या पंपावरून उडते. पावसाळाभर पाठीवर वाहिलेला पंप गोठ्याच्या कोपऱ्यात किंवा घराच्या माळ्यावर जाऊन पडतो. टाकीच्या तळाशी ओंजळभर मिश्रण शिल्लक असते, नळीत थेंब असतात आणि शेजारीच अर्धी राहिलेली बाटली ठेवलेली असते. खेड्यात या पदार्थास ‘औषध’ म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु ते विष आहे, आणि फवारणी थांबली म्हणून त्याचे विषत्व थांबत नाही.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यानंतर फवारणीच्या वेळी घ्यावयाच्या दक्षतेची पुष्कळ चर्चा झाली. फवारणीपूर्वीची ने-आण आणि फवारणीनंतरची साठवण यांचाही तितकाच विचार होणे अवश्य आहे.

पंप कसा धुवावा

रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही विष असते. म्हणून धुताना रबरी हातमोजे घालावेत. प्रथम उरलेले मिश्रण त्याच पिकावर फवारून संपवावे. मग टाकीत स्वच्छ पाणी घेऊन ती चांगली हलवावी व ते पाणी नळी, दांडी आणि नोझल यांतून त्याच शेतात सोडावे. असे तीन वेळा करावे. धुवण विहिरीजवळ, नाल्यात किंवा जनावरांच्या हौदापाशी कदापि ओतू नये. नोझल व गाळणी सुटी करून मऊ ब्रशने साफ करावी. तुंबलेल्या नोझलला तोंड लावून फुंकण्याची सवय जिवावर बेतू शकते, आणि तारेने टोचल्यास छिद्र मोठे होऊन फवारा बिघडतो.

काटोल-नरखेडकडील संत्रा बागाईतदारांनी बोर्डो मिश्रणानंतर विशेष काळजी घ्यावी. त्यातील मोरचूद लोखंडास खातो आणि चुन्याचा साका नोझलमध्ये बसतो. गव्हात किंवा ज्वारीत २,४-डी हे तणनाशक फवारलेला पंप तर कपाशीसाठी वापरूच नये. या तणनाशकाचा लवलेश टाकीत राहिला, तरी कपाशीची पाने चिंचोळी व वाकडी होतात. तणनाशकासाठी वेगळा पंप ठेवणे उत्तम. ते शक्य नसल्यास १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून ते पाणी टाकीत, नळीत व दांडीत रात्रभर भरून ठेवावे आणि सकाळी स्वच्छ पाण्याने पुन्हा धुवावे.

धुतलेला पंप सावलीत वाळवावा. चामड्याच्या वॉशरला तेल लावावे. रबरी वॉशर चिरला असल्यास आताच बदलावा. पेट्रोलवरील पंपाची इंधनटाकी रिकामी करावी. बॅटरीवरील पंपाची बॅटरी चार्ज करून ठेवावी व अधूनमधून पुन्हा चार्ज करावी. मग टाकी उपडी करून, झाकण उघडे ठेवून, उंदीर पोहोचणार नाहीत अशा कोरड्या जागी पंप टांगावा.

अन्न व विष एका पिशवीत नको

बाजाराच्या दिवशी शेतकरी नागपुरास किंवा तालुक्याच्या गावी येतो. कृषी सेवा केंद्रातून कीटकनाशकाची बाटली घेतो, वाण्याकडून साखर-पीठ घेतो, मुलांसाठी खाऊ घेतो आणि सारे एका पिशवीत घालून एस. टी. त बसतो. या साध्या सवयीत केवढा धोका आहे, हे १९५८ साली केरळात दिसून आले. तेथे पॅराथिऑन हे कीटकनाशक अन्नपदार्थांबरोबर जहाजातून आणले गेले. गळलेले विष अन्नात मिसळले व ते खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या दुर्घटनेच्या चौकशीनंतर १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. खाद्यपदार्थ किंवा पशुखाद्य यांच्याशी संपर्क येईल अशा रीतीने कीटकनाशके नेऊ वा साठवू नयेत, असे त्याखालील १९७१ चे नियम सांगतात.

म्हणून बाटली घेताना तिचे सील व झाकण पाहावे. गळकी बाटली घेऊ नये. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, झाकण असलेल्या बादलीत उभी ठेवावी. बैलगाडीत वा ट्रॅक्टरमध्ये ती बादली पक्की बांधावी. धान्य, ढेप किंवा लहान मुले तिच्याजवळ नसावीत. विष सांडल्यास पाणी ओतू नये, कारण त्याने ते अधिक पसरते. माणसे व जनावरे दूर करून त्यावर कोरडी माती टाकावी आणि ती हातमोजे घालून गोळा करावी. पीठ-धान्यावर विष सांडले असेल, तर ते धुऊन वापरण्याचा किंवा जनावरांना घालण्याचा मोह टाळावा.

उरलेले विष मूळ बाटलीतच, लेबलासह, कुलपात ठेवावे. दारूच्या वा पाण्याच्या बाटलीत ते कधीही काढू नये. लेबलावरील त्रिकोण विषाची तीव्रता दाखवितो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा व हिरवा. ज्यास अक्षरओळख नाही, त्यासही हा रंग वाचता येतो. कोणास विषबाधा झाल्यास त्याचे कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि तत्काळ दवाखान्यात न्यावे. बाटलीचे लेबल किंवा माहितीपत्रक बरोबर असावे. उपचाराची दिशा डॉक्टरांना त्यावरूनच कळते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी वेचणी संपताच गावात एक दिवस ठरवून सर्वांचे पंप एकत्र तपासावेत आणि घराघरांतील उरलेल्या बाटल्या कोठे ठेवल्या आहेत, हे प्रत्यक्ष पाहावे. एका दिवसाच्या या कामाने पंपाचे आयुष्य वाढेल आणि घरातील माणसांच्या जिवाचा धोकाही टळेल.