शहाशी इमान राखाल तोवर
आखातातील करारमदार : लेखांक ५

गेल्या आठवड्याच्या लेखात कुवेतचा शेख मुबारक भेटला. ब्रिटिशांच्या संमतीशिवाय आपली जमीन कुणालाही देणार नाही, असे त्याने जानेवारी १८९९ मध्ये लिहून दिले आणि बदल्यात बुशहरच्या रेसिडेन्सीच्या तिजोरीतून १५ हजार रुपये घेतले. त्याचा एक जिवलग मित्र शत्त-अल-अरबच्या पलीकडच्या काठावर राज्य करत होता. तो मोहम्मराचा शेख खझल. दोघांची सुरुवातही सारखीच. मुबारकने १८९६ मध्ये दोन भावांना ठार मारून कुवेत घेतले; खझलचा भाऊ मिझल याची १८९७ मध्ये हत्या झाली आणि सत्ता खझलच्या हाती आली. दोघांनाही ब्रिटिशांनी संरक्षणाचा शब्द दिला. मुबारकचे वंशज आजही कुवेतचे अमीर आहेत. खझल मात्र तेहरानमध्ये नजरकैदेत मेला.

दोन शेजारी, दोन मित्र, शब्द देणारे सरकार एकच. मग एक तरला आणि एक बुडाला, हे कसे? उत्तर त्या पत्रांच्या मजकुरातच आहे, आणि ते नीट वाचायला हवे.

कारून नदी शत्त-अल-अरबला मिळते तिथे मोहम्मरा वसले होते. भोवती खजुराच्या बागा, वस्ती अरब टोळ्यांची, भाषा अरबी. नकाशावर मात्र हा इराणचा अरबिस्तान प्रांत होता. तेहरानचा शहा धनी. पण त्याची फौज इथवर क्वचितच पोहोचे. शेख ठरलेला वसूल पाठवी आणि बाकीचा कारभार आपल्या मर्जीने चालवी. १८८८ मध्ये कारून परदेशी आगबोटींसाठी खुली झाली आणि या काठाला व्यापारी महत्त्व आले. त्यानंतर तेहरान सरकारने जकातीचा कारभार बेल्जियन अधिकाऱ्यांकडे सोपवला. आज जकात गेली तर उद्या सत्ताही जाईल, हे खझलने लगेच ओळखले. त्याने बुशहरच्या ब्रिटिश रेसिडेंटकडे धाव घेतली.

हा रेसिडेंट लंडनपेक्षा हिंदुस्थान सरकारचा माणूस होता. १८७३ पर्यंत तर ही कचेरी मुंबई सरकारच्याच अखत्यारीत होती. खझलच्या अर्जाची दखल घेतली गेली, कारण त्या वेळी कर्झन व्हाइसरॉय होता आणि आखातात दुसऱ्या कुणाचे, विशेषतः रशियाचे, पाऊल पडू नये याचा त्याला ध्यास होता.

डिसेंबर १९०२ मध्ये तेहरानमधील ब्रिटिश वकील सर आर्थर हार्डिंग याने खझलला पत्र लिहिले. त्यातल्या दोन आश्वासनांकडे बारकाईने पाहावे. कुठल्याही परकीय सत्तेने, कसलेही निमित्त काढून, मोहम्मरावर आरमारी हल्ला केला, तर ब्रिटन रक्षण करील, हे पहिले. त्याला कसलीच अट नाही. दुसरे असे, की शेख शहाशी इमान राखील आणि ब्रिटिशांच्या सल्ल्याने वागेल, तोवर त्याला ब्रिटिशांची मध्यस्थी आणि पाठिंबा मिळत राहील. समुद्रावरून येणाऱ्या शत्रूपासून रक्षण ठाम होते. पण खझलला भीती समुद्राची नव्हती, तेहरानची होती. आणि त्या बाजूला होता फक्त ‘पाठिंबा’, तोही दोन अटींवर. शहाशी इमान राखले की नाही, हे कोण ठरवणार? पत्र यावर गप्प आहे.

पुढची पत्रे अधिक उदार झाली, आणि प्रत्येक वेळी त्यामागे ब्रिटिशांची काहीतरी नवी गरज होती. मे १९०८ मध्ये मस्जिद सुलेमान इथे तेल लागले. ते समुद्रापर्यंत आणायचे तर नळ खझलच्या मुलखातून न्यावे लागणार होते आणि शुद्धीकरणाचा कारखाना त्याच्याच अबादान बेटावर उभारावा लागणार होता. जुलै १९०९ मध्ये रेसिडेंट पर्सी कॉक्सने सौदा जमवला. जमिनीचे वार्षिक भाडे ६५० पौंड, शिवाय १० हजार पौंड कर्ज. नळाच्या रक्षणाची जबाबदारी शेखची. एवढ्या भाड्यात अबादान मिळाले. पुढे हाच कारखाना जगातल्या सर्वांत मोठ्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत गणला गेला.

या सौद्यात खझलला पैशापेक्षा शब्द हवा होता. माझ्यानंतर माझ्या मुलांचे काय, हे तो कॉक्सला पुन्हा पुन्हा विचारत राहिला. १९१० मध्ये बसऱ्याच्या तुर्की वलीने गनबोट पाठवून त्याच्या एका गावावर तोफा डागल्या, तेव्हा त्याच्या प्रश्नाला धार आली. त्याच वर्षी त्याला ‘के.सी.आय.ई.’ हा हिंदी साम्राज्याचा किताब मिळाला आणि आश्वासनाची व्याप्तीही वाढली. इराण सरकारने त्याच्या अधिकारांवर, मान्य हक्कांवर किंवा मालमत्तेवर अतिक्रमण केले, तर समाधानकारक तोडगा निघण्यासाठी लागणारा पाठिंबा ब्रिटन देईल. त्याला आणि त्याच्या पुरुष वंशजांनाही. अट मात्र सुटली नाही. मध्यवर्ती सरकारबद्दलची कर्तव्ये पाळली पाहिजेत आणि ब्रिटिश सल्ला मानला पाहिजे.

मग महायुद्ध आले. तुर्कस्तान शत्रुपक्षात गेले आणि बसऱ्याच्या दारातला हा मित्र एकदम अमोल झाला. ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबईहून निघालेली फौज ६ नोव्हेंबरला फाव इथे उतरली. ती सहाव्या पुणे डिव्हिजनची पहिली तुकडी होती आणि तिच्यात ११७वी मराठा पलटण होती. खजुराच्या त्या चिखलात लढलेले आपल्याकडचे हे शिपाई ज्या तेलासाठी आणि ज्या शेखाच्या दारात उभे होते, त्याची कथा मराठीत फारशी सांगितली गेलेली नाही, ही खंत इथे नोंदवावीशी वाटते. याच डिव्हिजनला पुढे एप्रिल १९१६ मध्ये कुत इथे शरण जावे लागले.

खझल ब्रिटिशांच्या बाजूने राहिला. तुर्कांनी जिहाद पुकारला होता, त्यामुळे ही निष्ठा स्वस्त नव्हती. १९१५ च्या सुरुवातीला त्याच्याच मुलखातल्या टोळ्या उठल्या आणि तेलाचा नळ तोडला गेला, तरी तो डगमगला नाही. नोव्हेंबर १९१४ मध्ये कॉक्सने त्याला जे पत्र दिले, त्यात आधीचा शब्द आणखी पक्का केला होता: इराणात सरकारचे स्वरूप कितीही बदलले, तरी पाठिंबा कायम राहील. त्याच महिन्यात मुबारकलाही पत्र गेले. त्यात कुवेत हे ब्रिटिश संरक्षणाखालील स्वतंत्र राज्य मानण्याचे वचन होते.

दोघांच्या नशिबातला फरक इथे आहे. कुवेतवर हक्क सांगणारा तुर्की सुलतान युद्धात शत्रू झाला, म्हणून मुबारकला स्वतंत्र म्हणता आले. मोहम्मरावर हक्क सांगणारा इराण या युद्धात शत्रू झाला नाही. त्यामुळे खझल कितीही उपयोगी पडला, तरी ब्रिटनच्या लेखी तो दुसऱ्याचा प्रजाजन राहिला.

फेब्रुवारी १९२१ मध्ये तेहरानमध्ये लष्करी उठाव झाला आणि रेझा खान पुढे आला. देशात एकच सैन्य, एकच खजिना, एकच हुकूम हवा, हा त्याचा आग्रह होता. खझलकडे थकलेल्या कराची मागणी सुरू झाली. ब्रिटिश वकील सर पर्सी लोरेन याने आधी खझलची बाजू जोरात मांडली. पण हळूहळू त्याचे मत फिरले. बोल्शेविक रशियाला अडवायचे तर तेहरानात भक्कम सरकार हवे, आणि ते देऊ शकेल असा माणूस रेझा खानच, हे त्याला पटले. आणखी एक अडचण होती. १९२१ च्या रशिया-इराण तहाने रशियाला हक्क मिळाला होता, की तिसऱ्या सत्तेने इराणच्या भूमीचा रशियाविरुद्ध वापर करण्याचा प्रयत्न केला, तर आपणही सैन्य घुसवू शकतो. दक्षिणेत ब्रिटिश फौज उतरवली, तर उत्तरेत रशियाला निमित्त मिळेल, ही लंडनची धास्ती होती.

१९२४ च्या सप्टेंबरमध्ये खझल उघडपणे उभा राहिला. त्याने तेहरानच्या संसदेला तार केली: रेझा खान बळजबरी करणारा आहे, युरोपात गेलेल्या अहमद शहाला परत आणा, आपण शहाचे निष्ठावंत आहोत. शहाशी इमान राखा, ही १९०२ ची अट होती. खझल शहाच्या नावाने उभा होता, आणि तरीही ब्रिटिशांच्या दृष्टीने तो मध्यवर्ती सरकारविरुद्धचा बंडखोर ठरला. इमान शहाशी की तेहरानातल्या सत्ताधाऱ्याशी, हे शेवटी पत्र देणाऱ्यानेच ठरवले.

रेझा खान फौज घेऊन दक्षिणेकडे निघाला. ब्रिटिशांनी खझलला लढू नको, मिटवून घे असा सल्ला दिला. सल्ला मानायचा ही दुसरी अट, आणि तीही त्याने पाळली. डिसेंबरमध्ये अहवाजला त्याने रेझा खानसमोर माफी मागितली. त्याला बरे वागवण्याचे तोंडी आश्वासन ब्रिटिशांना मिळाले होते. एप्रिल १९२५ मध्ये इराणी सैनिकांनी फैलियाच्या वाड्याजवळ त्याला त्याच्याच यॉटवर पकडले आणि तेहरानला नेले. ब्रिटनने निषेध, विनवण्या, पत्रव्यवहार सगळे केले. सैन्य पाठवले नाही.

अबादानचा कारखाना चालूच राहिला. ब्रिटिश सरकारने १९१४ मध्येच तेल कंपनीतले बहुसंख्य भाग विकत घेतले होते आणि तेल आता तेहरानच्या मर्जीने वाहणार होते. नळ राखणाऱ्या शेखाची गरज उरली नव्हती. १९२५ च्याच डिसेंबरात रेझा खान रेझा शहा झाला. पुढे मोहम्मराचे नाव बदलून खोर्रमशहर केले गेले. खझल मे १९३६ मध्ये तेहरानमध्येच मेला. तो मृत्यू नैसर्गिक नव्हता, असे अनेक अभ्यासक मानतात.

ब्रिटिशांनी खझलला फसवले का? पत्रे शब्दशः वाचली तर लंडनचे वकील आपली बाजू मांडू शकतात. अटी लिहिलेल्याच होत्या. पण १९१४ च्या पत्राचा अर्थ मोहम्मरात काय लावला जाईल, हे कॉक्सला पुरते ठाऊक होते आणि तो अर्थ लागावा म्हणूनच ते लिहिले गेले. या लेखकाच्या मते ती फसवणूकच होती.

पुढच्या आठवड्यात मक्केचा शरीफ हुसेन आणि मॅकमहोन यांचा १९१५-१६ चा पत्रव्यवहार. तो वाचताना वाचकांनी आश्वासनांपेक्षा ‘तोवर’, ‘शिवाय’ आणि ‘वगळून’ या शब्दांकडे अधिक लक्ष द्यावे.